खड्डे पाठ असलेले काका

अख्ख्या मिशिगन राज्यात रस्त्यावरचा खड्डा पाहून ज्याचा चेहरा खुलतो असा एकच इसम आहे, आणि तो आमच्या समोरच्या घरात राहतो. बाकीची जनता खड्ड्याला शिव्या घालते, काउंटीच्या रस्ते-कचेरीला फोन करते, टायर बदलते. समोरचे काका मात्र खड्डा दिसला की गाडीचा वेग कमी करतात, खिडकीची काच खाली घेतात आणि शाळेतला जुना सोबती भेटावा तशी त्याच्याकडे बघून मान हलवतात. हिवाळा सरून बर्फ वितळायला लागलं की इथले लोक ट्युलिपची फुलं बघायला निघतात, काका त्या वर्षीचे नवे खड्डे बघायला निघतात. पायात गमबूट, खिशात मोजायची टेप, आणि येताजाता भेटणाऱ्याला "नाल्याजवळ एक फार सुंदर पडलाय, जाऊन या" अशी शिफारस. काउंटीच्या लोकांनी एखादा आवडता खड्डा बुजवला तर त्यांना दोन दिवस जेवण गोड लागत नाही. "चर्चसमोरचा आपला तो गेला गं," एकदा ते मला टपालपेटीपाशी म्हणाले, आणि मी पुढचं काही ऐकायच्या आत चेहरा पाडून "अरेरे, कधी?" असं विचारून बसले. "काल सकाळी. डांबर ओतलं त्याच्यावर," काका म्हणाले, आणि डोक्यावरची कानटोपी काढून हातात घेतली.

काकांना एक चांगलं भारदस्त नाव आहे, पण ते फक्त त्यांच्या टपालावर असतं. आम्ही नागपूरचे, नवऱ्याच्या नोकरीमागून डेट्रॉइटच्या या उपनगरात आलो. सामानाचा ट्रक दारात उभा राहिला तेव्हा समोरून एक उंच, किडकिडीत, कानटोपी घातलेले गृहस्थ रस्ता ओलांडून आले. मला वाटलं, आमचं मराठी बोलणं ऐकून स्वागताला आले असतील. त्यांनी आमच्याकडे बघितलंही नाही. थेट ट्रकच्या मागच्या चाकाशी वाकले, आत डोकावले आणि ड्रायव्हरला इंग्रजीत म्हणाले, "यांची काचेची भांडी फुटलेली असणार." मग आमच्याकडे वळून मराठीत म्हणाले, "चहाची सोय झाली का? नाहीतर चला समोर." काचेची भांडी खरंच फुटलेली होती आणि चहाची सोय झालेली नव्हती. त्या दिवसापासून ते आमचे समोरचे काका झाले, आणि त्यांच्या पत्नी, बोलायला मवाळ पण आतून पक्क्या दादरच्या, त्या समोरच्या काकू. काका मूळचे सांगलीचे. तरुणपणी इथे शिकायला आले आणि मग उभी हयात एका मोटार कंपनीच्या सस्पेन्शन विभागात काढली. सस्पेन्शन म्हणजे गाडीची चाकं आणि गाडीत बसलेली माणसं यांच्यामधली सगळी मध्यस्थ मंडळी, स्प्रिंगा, शॉक ॲब्सॉर्बर आणि त्यांचं गणगोत. हे मला आता झोपेतही सांगता येतं, कारण काकांच्या शेजारात राहून ते न शिकणं शक्यच नाही.

त्यांच्या घरी पाहुणा गेला की "कसे आहात?" असं कोणी विचारत नाही. "कुठल्या रस्त्याने आलात?" हा पहिला प्रश्न. हायवेने आलो म्हणावं तर काकांचा चेहरा पडतो. मागच्या रस्त्याने, रेल्वेच्या रुळांवरून आलो म्हटलं की ते खुर्ची पुढे ओढतात. "मग? रुळांवर कसं वाटलं? कंबरेत लागलं की मानेत?" पाहुणा बिचारा तोवर कंबर आणि मान दोन्ही विसरून फराळाच्या ताटलीकडे बघत असतो, पण उत्तर मिळाल्याशिवाय ताटली पुढे सरकत नाही. माणसं पारखण्याचीही त्यांची हीच कसोटी. आमच्या मराठी मंडळातल्या एका बाईंनी लेकीसाठी पाहिलेल्या मुलाची चौकशी काकांवर सोपवली. काका त्या मुलाला भेटून आले आणि म्हणाले, "मुलगा देखणा आहे, स्वभावाने बरा आहे, पण गाडी फार कडक सस्पेन्शनची घेतलीय. शेजारी बसणाऱ्याचा विचारच केलेला नाही." लग्न अर्थातच झालं. त्या लग्नाच्या व्हिडिओत, वरात निघायच्या आधी, फुलांनी मढवलेल्या गाडीचं बॉनेट दोन्ही हातांनी खाली दाबणारे एक धोतरवाले गृहस्थ दिसतात. ते आमचे काका.

हे दाबणं म्हणजे त्यांना जडलेला छंदच. उभ्या गाडीचा कोपरा दाबायचा, सोडायचा आणि ती वरखाली होऊन कधी शांत होते ते बघायचं. लगेच थांबली तर शॉक ॲब्सॉर्बर ठणठणीत, डुलत राहिली तर गेलेला. देवळाच्या पार्किंगमध्ये, दाताच्या डॉक्टरांकडे, शाळेच्या स्नेहसंमेलनाबाहेर, काका रांगेतल्या गाड्या दाबत दाबत पुढे सरकतात आणि काकू चार पावलं मागे, आपला यांच्याशी संबंध नाही अशा चेहऱ्याने चालतात. एकदा किराणा दुकानाबाहेर एका ट्रकचा अलार्म वाजला आणि त्याचा मालक, दारात वाकून शिरावं लागेल असा अंगापिंडाचा गोरा माणूस, धावत आला. आता काका मार खाणार म्हणून मी गाडीतच डोळे मिटले. उघडले तेव्हा तो धिप्पाड माणूस बर्फाच्या चिखलात आडवा होऊन स्वतःच्या ट्रकखाली बघत होता आणि काका बोटाने काहीतरी दाखवत होते. त्याच्या ट्रकचा मागचा डावा शॉक ॲब्सॉर्बर मेलेला निघाला. त्या दिवसापासून दर शरदात तो माणूस काकांच्या दारात न मागता भोपळे आणून ठेवतो, आणि मग आम्हा सगळ्यांना भोपळ्याचे घारगे खावे लागतात.

पण काकांचं खरं प्रेम साध्या सस्पेन्शनवर नव्हतंच. त्यांचा जीव जडला होता तो डोकं असलेल्या सस्पेन्शनवर. चाकापाशी बारीकसे सेन्सर, ते रस्ता कसा आहे ते छोट्या कॉम्प्युटरला सांगणार, आणि तो कॉम्प्युटर डोळ्याचं पातं लवायच्या आत शॉक ॲब्सॉर्बरला सांगणार, आता मऊ हो, आता घट्ट हो. त्या शॉक ॲब्सॉर्बरमधल्या तेलात लोखंडाची बारीक पूड असते, वीज सोडली की ते तेल दाट होतं, बंद केली की पातळ. "पिठल्यासारखं समज," काकांनी मला आमच्याच स्वयंपाकघरात उभं राहून समजावलं होतं. "हवं तेव्हा पातळ, हवं तेव्हा घट्ट, आणि तेही एका क्षणात. तुझ्या काकूला एवढ्या वर्षांत जमलं नाही." काकू तिथेच होत्या. "गुठळ्या होतात का ते विचार त्यांना," त्या मला म्हणाल्या. काकांच्या मनातला सल वेगळा होता. ही करामत कंपनीने बसवली ती फक्त महागड्या गाड्यांत. साध्या गाडीतही बसवू या म्हणून काका वर्षानुवर्षं भांडले, आणि लोक मीटिंगमध्ये माना डोलवत राहिले. "ज्याला रोज बसने फिरावं लागतं त्याची कंबर काय लाकडाची असते?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि ते म्हणताना मात्र काका कधी हसत नाहीत. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःची जुनी मिनीव्हॅन गॅरेजमध्ये चढवली, भंगारात निघालेल्या कुठल्याशा श्रीमंत गाडीचे शॉक ॲब्सॉर्बर मिळवले आणि कामाला लागले. बाहेरून बघाल तर रस्त्यावरच्या बर्फावर टाकायच्या मिठाने गंजलेली दारं, मागच्या काचेवर नातवाने चिकटवलेला डायनोसॉर. आत मात्र वायरींचं जंगल.

या मिनीव्हॅनची परीक्षा काका कशावर घेत, हे ऐकून बाहेरचा माणूस हसतो आणि मराठी माणूस लगेच मान डोलावतो. दह्यावर. कोमट दुधाला विरजण लावायचं, पातेलं टॉवेलात गुंडाळून मागच्या सीटवर ठेवायचं आणि गाडी घेऊन भटकायचं. दही लागताना भांडं हललं तर ते मोडतं, पाणी सुटतं, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. कंपनीत त्यांनी महागडी यंत्रं वापरली होती, घरीही लॅपटॉप होताच, पण काकांचा विश्वास पातेल्यावर. "यंत्र आकडा सांगतं. दही खरं सांगतं." फेरी मारून आले की ते झाकण उघडत, चमच्याची कड दह्यात घालत आणि वडी स्वच्छ कापली जाते का ते बघत. त्यांच्या गाडीतून मंडळाचा गणपती येई, गवयांचे तानपुरे येत, तीन मजली केक येत, आणि सोंडेला किंवा तारेला कधी धक्का लागला नाही. हे सगळं मी गंमत म्हणूनच बघत आले होते. त्यातलं काही आपल्यासाठी, इतक्या गरजेच्या वेळी उपयोगी पडेल, असं स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

माझी आई ऐन हिवाळ्यात नागपूरहून आली. थंडीत ये असं तिला कोणी म्हटलं नव्हतं, उलट नको म्हटलं होतं. पण तिची थोरली बहीण, माझी मावशी, इथून गाडीने पाचेक तासांवरच्या शिकागोत अंथरुणाला खिळली होती. मावशी तरुणपणी नर्स म्हणून अमेरिकेत आली आणि देशी दुकानांनी भरलेल्या डेव्हन ॲव्हेन्यूच्या बाजूच्या गल्लीत आयुष्यभर राहिली. तिचं हृदय आता थकलं होतं, तिथल्या डॉक्टरांनी आशा ठेवू नका असं गोड शब्दांत सांगितलं होतं. आईला लहानपणी मावशीनेच वाढवलेलं, वेणी घालण्यापासून अक्षरओळखीपर्यंत. आमच्याकडे उतरून, जरा दम खाऊन आई शिकागोला जायची होती. आणि दुसऱ्याच दिवशी, सूर्याला नमस्कार करायला म्हणून ती सपाता घालून दाराबाहेर गेली आणि बर्फावर घसरून पडली. पाठीच्या एका मणक्याला चीर गेली. ऑपरेशन नको, पट्टा बांधा, पडून राहा, आणि हादरा अजिबात बसू देऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलं.

हादरा बसू देऊ नका हे म्हणायला सोपं आहे. पुढच्या तपासणीसाठी आम्ही तिला आमच्या गाडीतून, उशांच्या राशीत आडवी करून नेली. वाटेत ते रेल्वेचे रूळ आले. नवऱ्याने गाडी अगदी मुंगीच्या चालीने घातली तरी धाडकन बसलं. आई ओरडली नाही. तिने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. घरी आल्यावर, पलंगावर टेकल्यावर ती शांतपणे म्हणाली, "राहू दे आता शिकागोचं." विमानात ताठ बसावं लागतं म्हणून ते बाद झालेलंच होतं. मग दोघी बहिणी रोज व्हिडिओवर बोलायच्या, ही इथे आडवी, ती तिथे आडवी. एकदा फोन ठेवल्यावर आई छताकडे बघत म्हणाली, "दिसते बाप्पा ती. पण हात नाही लागत." तिचं परतीचं तिकीट जवळ येत होतं आणि मावशीचा आवाज रोज थोडा लहान होत होता. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडायचे, आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

काकू एक दिवस आईसाठी साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या, मागोमाग काका. मी त्यांना सहज म्हटलं की ॲम्ब्युलन्स करून नेता येईल का ते बघतोय. काका दचकलेच. "ॲम्ब्युलन्स? अगं, ती ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली असते! त्यापेक्षा बैलगाडी बरी." मग ते आईच्या पलंगाशी खुर्ची घेऊन बसले आणि तिला विचारलं, "ताई, हादरा कसा लागतो? खालून वर येतो तो, की बाजूने बसतो तो? एकदम टोचतो की मागाहून ठणकतं?" आतापर्यंत आईला सगळ्यांनी फार दुखतं का एवढंच विचारलं होतं. ती जरा विचार करून म्हणाली, "भाऊ, खालून येते ना, ती कळ डोक्यात जाते. बाजूची सोसवते मला." काका उठले. चहा न पिता, "खालून, खालून" असं पुटपुटत चप्पल शोधत गेले. आई त्यांच्या पाठीकडे बघत मला म्हणाली, "डॉक्टर आहेत काय गं हे?"

मग समोरच्या गॅरेजचं दार जे बंद झालं ते झालंच. बर्फ पडो की पाऊस, त्याखालच्या फटीतून दिवा दिसायचा आणि मधून मधून मिनीव्हॅन विरजण घेऊन फिरायला निघायची. मागच्या सीटा काढून काकांनी तिथे गादी बसवली होती, पातेलं आता त्या गादीवर, बरोबर आईची कंबर येईल त्या जागी. दह्याचा महापूर आला. काकूंच्या घरी कढी, आमच्याकडे कढी, भोपळेवाल्या गोऱ्यालाही पातेलंभर पोचलं. माझी लेक इरा रोज डब्याचं झाकण उघडून किंचाळायची, "मॉम, नॉट दहीबुत्ती अगेन!" आणि अखेर एके दुपारी काका पातेलं दोन्ही हातांत धरून, कानटोपी विसरून, बर्फातून आमच्या दारात आले. रुळांवरून, चर्चच्या चौकातून, सगळ्या खास खड्ड्यांतून फिरून आलेलं दही. चमच्याने कापलं तर खरवसासारखी वडी पडली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आईने पलंगावरून.

आईला नेण्याआधी मी झोपून बघते, असं मीच म्हटलं. काका चालवायला, मी मागे गादीवर. खरं सांगते, एक हादरा लागला नाही. रूळ कधी गेले कळलं नाही. गाडी म्हणजे नुसता पाळणा, संथ, लांबच लांब झोके, वर गेली की सावकाश खाली, खाली गेली की सावकाश वर. वाटेतल्या ॲन अर्बर गावाच्या अलीकडेच मी "काका, थांबवा" असं कसंबसं म्हणाले आणि रस्त्याच्या कडेला बर्फात सगळं जेवण ओकून टाकलं. काका माझ्या पाठीवर हात ठेवून उभे होते आणि गाडीतल्या पातेल्याकडे हताश बघत होते. "अगं पण दही मोडलं नाही!" घरी आल्यावर काकूंनी मला लिंबूपाणी दिलं आणि त्यांच्याकडे वळल्या. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "अहो, दह्याला पोट असतं का? ही गाडी केल्यापासून सांगतेय मी, मागे बसलं की मळमळतं. तुम्ही म्हणता, तुझं पित्त आहे. कधी मागे बसलायत तुम्ही? एकदा तरी?"

काका एकदाही मागे बसले नव्हते. दुसऱ्यांना गाडीत सुखाने कसं बसता येईल याचा जन्मभर विचार केलेला माणूस आपल्या या गाडीत सतत स्टिअरिंगमागे होता, आणि गाडी चालवणाऱ्याला कधी मळमळत नाही. "किल्ली घे," ते काकूंना म्हणाले. मग आईचा जादा पट्टा मागून घेतला, तो स्वतःच्या कंबरेला आवळला आणि मागच्या गादीवर, छताकडे तोंड करून, आडवे झाले. काकूंनी गाडी बाहेर काढली. त्या परत आल्या तेव्हा काका पायरीवर बसले, चेहरा पडवळासारखा. कंबरेचा पट्टा सोडत म्हणाले, "तुझं पित्त नव्हतं गं ते." काकू आत गेल्या आणि त्यांच्यासाठीही लिंबूपाणी घेऊन आल्या.

त्यानंतर दह्याला सुट्टी मिळाली. आता मागे काका आणि पुढे काकू. फार मऊ केलं की पोट ढवळतं, फार घट्ट केलं की मणका ओरडतो, या दोन्हींच्या मधली बारीकशी वाट ते स्वतःच्या शरीराने शोधत होते. सत्तरी उलटलेला माणूस रोज तो पट्टा बांधून आडवा होई आणि "आत्ताचा लागला, परत घे" असं मागून ओरडे. एकदा तर दोघं शिकागोपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत आले, काका अख्खा प्रवास आडवे. रस्ता कुठे उखडलाय, पुलांचे सांधे कुठे येतात, सगळं त्यांनी कॉम्प्युटरला आधीच सांगून ठेवलं, म्हणजे खड्डा यायच्या आत गाडी सावध. परतल्यावर त्यांना दोन दिवस मान वळवता येत नव्हती. मी "काका, एवढं कशाला?" म्हटलं तर म्हणाले, "मीटिंगमध्ये कोणी ऐकलं नाही. ताईंनी निदान कुठे लागतं ते नीट सांगितलं." आईच्या डॉक्टरांनाही त्यांनी गाडीत झोपवून चौकात फिरवलं, आणि डॉक्टर हसत हसत उतरून आमच्या प्रवासाला हो म्हणाले.

निघायच्या दिवशी आईचा चेहरा पांढरा पडला होता. ती गादीवर, मी तिच्या उशाशी. काकू गाडी चालवायला आणि शेजारी काका, पण ते पुढे बघतच नव्हते. सीटवर उलटे वळून, पाठीला टेकू घेऊन आईच्या कपाळाकडे बघत होते. "रस्ता मला पाठ आहे. आज फक्त ताईंकडे बघायचंय." कोपरा वळला, चर्च गेलं, आईने डोळे घट्ट मिटले आणि माझा हात पकडला. मला तिची नखं पुन्हा आठवली. ती वाट बघत राहिली, ओठ आवळून. मग हळूच म्हणाली, "आले काय गं ते रूळ?"

"गेले, आई. मागेच गेले."

तिने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे. "खोटं," ती म्हणाली, आणि माझ्या हातावरची तिची पकड सैल झाली. थोड्या वेळात तिला झोप लागली. पडल्यापासून ती धड झोपली नव्हती, आणि आता ट्रकांच्या गर्दीतून, उखडलेल्या काँक्रीटवरून, तोंड किंचित उघडं टाकून लहान मुलासारखी झोपली होती. काकूंनी आरशातून ते बघितलं आणि वेग वाढवला नाही, कमीही केला नाही. काका अजून तिच्या कपाळाकडेच बघत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. मी खिडकीबाहेर बघू लागले, कारण माझेही.

मावशीच्या घरी तिला चाकाच्या खुर्चीतून वर नेलं. मावशीने आधीच पलंगावर एका कडेला सरून जागा करून ठेवली होती. आईला तिच्या शेजारी आडवी केली. मावशीने तिच्या तोंडावरून हात फिरवला, कपाळ, नाक, गाल, हनुवटी, पूर्वी ताप बघायची तसा. मग म्हणाली, "असल्या पाठीनं कशी आलीस गं?"

"झोपून आली," आई म्हणाली. "कशी आली ते मलाच माहीत नाही."

मी काकांचे आभार मानायला वळले तर ते नव्हतेच. खाली जाऊन बघते तर डेव्हनवर साड्यांच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या एका टेम्पोचं नाक दाबत होते आणि दुकानदार हिंदीत विचारत होता, "अंकल, क्या हुआ?" मी तिथेच, भर रस्त्यात, वाकून त्यांच्या पाया पडले. "अगं अगं," ते गडबडले, "इथे सगळा चिखल आहे." एवढंच म्हणता आलं, "काका, आईचा हात पोचला तिथे." ते मान हलवत राहिले, आणि मग टेम्पोकडे बोट दाखवून म्हणाले, "याचा उजवा गेलाय."

आई आठवडाभर बहिणीच्या शेजारी राहिली. दोघी काय बोलल्या ते त्यांचं त्यांना ठाऊक. बाहेर आम्हाला फक्त हसू ऐकू यायचं, मधेच गाण्याची एखादी ओळ. काका-काकू पुन्हा येऊन तिला तशीच झोपवून घेऊन आले. पाठ सावरली तशी ती नागपूरला परतली. आता ती शेजारणींना सांगते, अमेरिकेत माझा एक भाऊ आहे, आणि त्या विचारतात, सख्खा काय? ती म्हणते, हो.

मावशी त्याच वसंतात गेली. काका-काकू तेव्हा मुलाकडे, देशाच्या दुसऱ्या टोकाला रेडमंडला होते, आणि आम्हाला फोन आला तसे आम्ही आमच्याच गाडीने निघालो. तोच रस्ता. रूळ आले, मग पुलांचे सांधे, मग ते उखडलेलं काँक्रीट, मैलोन्मैल. हा रस्ता एवढा वाईट आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं. इराने विचारलं, "मम्मा, यू ओके?" मी हो म्हटलं. प्रत्येक धक्क्याला मी दात आवळत होते, आणि प्रत्येक धक्क्याला मनात येत होतं, हाही त्या दिवशी इथेच होता, आई याच्यावरूनच गेली, आणि तिची झोप मोडली नव्हती.